कासच्या हंगामाआधी मॅक्रो लेन्स घेऊ नका

तिरपा उजेड (धागाकर्ता)

ऑगस्ट उजाडला की ‘कासला जायचंय, कोणती मॅक्रो लेन्स घेऊ?’ हा प्रश्न ठरलेला. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारी लेन्स. माझं उत्तर: कोणतीच नको. निदान पहिल्या हंगामात तरी नको.

कारण हिशेबाचं आहे. कासचं पठार म्हणजे ठरलेली पायवाट आणि दोन्ही बाजूंना फुलं. वाट सोडून आत शिरायचं नाही, शिरूही नये. 100 एमएम मॅक्रो लेन्सनं पूर्ण 1:1 (सेन्सरवर फुलाच्या मूळ आकाराएवढीच प्रतिमा) हवं असेल तर फूल लेन्सच्या तोंडापासून साधारण 14 सेंमीवर यावं लागतं. वाटेच्या कडेला इतकं जवळ येणारं फूल बहुधा आधीच कुणाच्या तरी बुटाखाली गेलेलं असतं.

त्यापेक्षा बहुतेकांच्या बॅगेत पडून असलेली 55-250 एमएम झूम लेन्स बघा. कॅननची एसटीएम आवृत्ती 85 सेंमीवरून 0.29 पट मोठेपणा देते. 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत असतो त्या मापाच्या) सेन्सरवर 1 सेंमीचं ‘सीतेची आसवं’चं फूल सुमारे 780 पिक्सेल उंच येतं. मोबाईलच्या पडद्यासाठी 1080 पिक्सेलचा चौकोन कापलात तर फूल त्यात सत्तर टक्के भरतं. आणखी किती हवंय?

दुसरा गैरसमज ‘50 एमएम एफ/1.8 घ्या, फुलं भारी येतात’ हा. मागचा भाग धूसर होतो हे खरं, पण त्या लेन्सचा मोठेपणा फक्त 0.21 पट. जिला सगळे नावं ठेवतात ती 18-55 (एफ/3.5-5.6 आयएस एसटीएम) 0.36 पट देते. म्हणजे जवळच्या फुलासाठी कॅमेऱ्यासोबत आलेली फुकटची लेन्स विकतच्या लेन्सपेक्षा सरस.

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगला पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घ्या आणि गुडघ्याखाली घालायला जाड फोमचा तुकडा. फोटो बिघडतात ते उभ्यानं खाली वाकून काढल्यामुळे.

---

एकासएक

उजेडराव, पिक्सेलचा हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. 780 पिक्सेलमध्ये फूल ‘ओळखू’ येतं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब, गेंदाच्या बोंडातली एकेक बारीक फुलं, यांचं काय? गेंदाचं बोंड म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो फुलांचा गुच्छ. 0.29 पटीत तो पांढरा ठिपकाच दिसणार. 1:1 ला तेच 1 सेंमी 2,680 पिक्सेल होतं. 12 बाय 18 इंचांचा प्रिंट काढायचा तर 300 डीपीआयला 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, आणि तुमचा कापलेला चौकोन तिथे फाटतो.

शिवाय मॅक्रो लेन्स फक्त मोठं दाखवत नाही. जवळच्या अंतरावर कडेपर्यंत धार टिकवण्यासाठीच ती बनवलेली असते. झूम लेन्स सगळ्यात जवळच्या अंतरावर आणि सगळ्यात लांब टोकाला नेली की बहुधा तिथेच मऊ पडते.

आणि कास म्हणजे काही सगळा सह्याद्री नव्हे. कोकणातले सडे (कातळाची पठारं) आहेत, चाळकेवाडीचं पठार आहे. तिथे पायाखाली बघून, कातळावर पाय ठेवत फुलापर्यंत पोचता येतं.

---

तिरपा उजेड

सडे मान्य. पण 1:1 ला एफ/8 वर (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) डेप्थ, म्हणजे धारदार दिसणारी खोली, किती मिळते ते सांगाल का? एपीएस-सीवर जेमतेम 0.6 मिमी. पठारावरचा वारा फूल किती हलवतो? सेंटीमीटरात. तुमच्या 2,680 पिक्सेलपैकी किती धारदार येणार?

---

एकासएक

म्हणून तर फ्लॅश वापरायचा. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर 1/200 सेकंद, एफ/11, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, फ्लॅश 1/8 किंवा 1/16 पॉवरला. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की हालचाल गोठते, मग शटर 1/200 असलं तरी चालतं. फक्त उघडा फ्लॅश मारू नका, ओल्या पाकळीवर पांढरे डाग पडतात. फ्लॅशपुढे पातळ पांढरा फोम किंवा दुधी प्लॅस्टिकचा पडदा, फुलाच्या जितका जवळ तितका उत्तम.

फ्लॅशवर सगळं सोपवलं की मागचा भाग काळा होतो, ही तक्रार खरी आहे. उपाय: आयएसओ 800 पर्यंत वाढवा, म्हणजे आकाशाचा उजेड मागच्या हिरवळीत शिरतो. पण तेव्हा तोच उजेड फुलावरही पडतो आणि हललेल्या पाकळीला पुसट दुहेरी कड येते. तिथे तोल सांभाळावा लागतो.

आणि एफ/16 च्या पुढे जाऊ नका. 1:1 ला लेन्सवरचा एफ/8 प्रत्यक्षात एफ/16 सारखा वागतो, एफ/16 हा एफ/32 सारखा. डेप्थ वाढते, पण विवर्तनानं (बारीक छिद्रातून उजेड पसरतो त्यानं) सगळंच बोथट होतं.

---

कातळफूल

दोघेही मधली वाट सोडून भांडताय. 55-250 च्या तोंडावर 58 मिमीचा, दोन काचांचा +2 डायॉप्टर (लेन्सपुढे बसवायचं भिंग) लावा. 250 एमएमला फोकस अनंतावर ठेवला तरी 0.5 पट मोठेपणा, आणि फूल लेन्सपासून अर्ध्या मीटरवर! पायवाटेवरून सहज जमतं. कॅननचा 500डी याच प्रकारचा, आणि नावात कॅनन असलं तरी निकॉन, सोनी, त्याच मापाच्या आट्यांच्या कुठल्याही लेन्सवर बसतो, कारण तो फक्त फिल्टरच्या आट्यांत फिरवायचा असतो.

एका काचेचे स्वस्त +1, +2, +4, +10 असे संच मिळतात, ते घेऊ नका. कडांना जांभळी-हिरवी किनार येते, +10 तर निव्वळ खेळणं.

एक्स्टेन्शन ट्यूबचं (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) गणितही साधं. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेन्ग्थ, तेवढा मोठेपणा वाढतो. 50 एमएमवर 25 मिमी ट्यूब म्हणजे अधिक 0.5, एकूण 0.7 च्या आसपास. हीच ट्यूब 250 वर फक्त 0.1 वाढवते. म्हणून छोट्या लेन्सला ट्यूब, लांब लेन्सला डायॉप्टर. बरेच जण नेमकं उलट करतात आणि मग ‘काही फरकच पडत नाही’ म्हणतात.

विद्युत संपर्क नसलेली ट्यूब घेतलीत तर कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर आधी असेल तिथेच अडकतं (बहुधा पूर्ण उघडं), आणि निकॉनच्या जी लेन्सचं पूर्ण मिटतं, व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. चार पैसे वाचवायला जाऊन अख्खा दिवस वाया.

---

रॉभक्त

लेन्स-लेन्स चाललंय, पण कासच्या नव्वद टक्के फोटोंचा खून रंगात होतो. तेरड्याचा गालिचा बघा. कॅमेऱ्याच्या जेपीईजीत तो गुलाबी प्लॅस्टिकचा दिसतो, पाकळीतल्या शिरा गायब. कारण लाल चॅनेल आधी फुटतो (इतका उजळतो की तपशील उरत नाही), मग निळा. साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) हिरव्याला जास्त वजन देतो, म्हणून तो सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो. आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर -0.7 करा.

आणि रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. 14 बिट म्हणजे प्रत्येक चॅनेलला 16,384 पायऱ्या, जेपीईजीत 256. कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम रॉचा नसून जेपीईजीचा असतो, तेव्हा पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवलीत तर तो खऱ्याच्या जवळ जातो.

‘सीतेची आसवं’ जांभळी असून फोटोत निळी येतात, हीदेखील नेहमीची रड. सेन्सर आणि डोळा जांभळ्या रंगाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. पठारावर एकदा राखाडी कार्डाचा फोटो घेऊन ठेवा, घरी त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा, कॅमेरा प्रोफाइल बदलून पहा, आणि शेवटी फक्त निळ्याची छटा जांभळ्याकडे थोडी सरकवा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉची सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट आहेत.

हे सगळं एडिटिंग आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्यातल्या चिपनं केलेलं एडिटिंगच.

---

फिल्मवाले काका

एडिटिंगला विरोध नाही रे बाबा. पण तुमच्या त्या डीहेझच्या पट्टीनं धुकंच पुसून टाकता. सातारच्या पावसात उभं राहून धुकं नको असेल तर मे महिन्यात या. धुक्यात कॅमेरा सगळं करडं करतो, तिथे उलट +0.7 ते +1 द्यायचं. क्लॅरिटी +60 केली की फुलाभोवती पांढरी प्रभावळ येते आणि हिरवं असं होतं की जणू रंगाचा डबा सांडलाय. पिवळट हिरव्याचं सॅच्युरेशन 10-15 नं *कमी* करून बघा. पावसाळ्यातला हिरवा आधीच भडक असतो.

आणि पोलरायझरचं काम कुठलीही पट्टी करत नाही. ओल्या पानावरची चकाकी म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, त्याखालचा रंग सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो. जे टिपलंच नाही ते रॉमधून कुठून काढणार?

---

एकासएक

काका, पोलरायझरची किंमत पण सांगा. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एका स्टॉपला उजेड निम्मा). ढगाळ पठारावर एफ/8, आयएसओ 800 ला जेमतेम 1/250 मिळत असेल, तर पोलरायझर लावल्यावर 1/60 च्या आसपास. वाऱ्यात 1/60? की आयएसओ 3200?

---

फिल्मवाले काका

आयएसओ 3200 च. दाणे आले तर येऊ देत, नॉइज काढता येतो. हललेलं फूल सरळ करणारं सॉफ्टवेअर अजून माझ्या पाहण्यात नाही. आणि पोलरायझर सगळीकडे लावायचाच नाही. पानाच्या पृष्ठभागाशी 35 ते 40 अंशांतून बघत असाल तेव्हा त्याचा परिणाम सर्वाधिक. वरून सरळ खाली बघताना तो फक्त उजेड खातो, तेव्हा काढून खिशात टाका.

---

खिशातला कॅमेरा

मोबाईलवाल्यांसाठी कुणीच काही लिहीत नाही, म्हणून दोन ओळी. फुलाजवळ गेलात की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेरा सोडून अल्ट्रावाइडवर जातात. फूल लेन्सपासून दोन-तीन सेंमीवर, त्यावर फोनचीच सावली, आणि लहान सेन्सर. ऑटो मॅक्रो बंद करा, 15-20 सेंमी मागे या, 2x वर काढा. पोर्ट्रेट मोड दवबिंदूवर मुळीच नको. केस आणि पाठीमागचा भाग यांतला फरक त्याला कळत नाही, निम्मे केस पुसून टाकतो.

बाकी फोमचा तुकडा फोनलाही लागतो. फूल डोळ्यांच्या उंचीवर आलं की मागे पायवाटेचा चिखल न येता धुकं येतं.

---

कातळफूल

जुनी मॅक्रो लेन्स घेणाऱ्यांसाठी: मुंबईच्या बोरा बाजारात असो वा ऑनलाइन, काचेतून मोबाईलचा टॉर्च तिरपा मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती लेन्स सोडून द्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर तीही नको. कासहून परतल्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवलात तर हीच बुरशी तुमच्याही लेन्सला लागेल. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा 40 ते 50 टक्क्यांत.

---

तिरपा उजेड

डायॉप्टरचा मुद्दा धाग्यात वर घ्यायला हवा होता, चूक कबूल. आता माझी यादी: असलेली 55-250, +2 डायॉप्टर, पोलरायझर, फोम. मॅक्रो लेन्स अजूनही नाही.

---

एकासएक

म्हणजे तुम्ही 0.5 पर्यंत आलात. उरलेलं अर्धं पुढच्या हंगामात बघू. तोवर त्या डायॉप्टरवर 250 एमएम हातात धरून 1/60 ला काढलेले फोटो इथे टाका, स्टॅबिलायझर लावून. जवळच्या अंतरावर हात नुसता कलत नाही, आडवाउभा सरकतो, आणि साधा स्टॅबिलायझर ते सरकणं पकडत नाही. कॅननच्या 100 एमएम एल मॅक्रोत 2009 मध्ये हायब्रिड आयएस (कलणं आणि सरकणं दोन्ही सावरणारा स्टॅबिलायझर) आलं ते त्यासाठीच.

---

तिरपा उजेड

1/60 ला कोण काढतंय? काकांचा आयएसओ 3200 घेतलाय ना. 1/250, पाच-पाचचा बर्स्ट, कोपर गुडघ्यावर टेकून, वारा पडेपर्यंत थांबून. पाचातला एक येतो. तिपाई मात्र नको, वाटेत रोवली की मागची सगळी रांग अडते.