मदत हवी आहे : आईच्या बोटांचे ठसे दोनदा नापास, नागरिकत्वाची मुलाखत पाच आठवड्यांवर

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई ७० वर्षांची आहे, ग्रीन कार्ड मिळून २१ वर्षं झाली. इतकी वर्षं भारताचा पासपोर्ट सोडायला तिचं मन होत नव्हतं. बाबा गेल्यावर तिनंच विषय काढला आणि आम्ही एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरला. परीक्षेची काळजी नाही. वय ६५ च्या वर आणि ग्रीन कार्ड २० वर्षांपेक्षा जुनं, म्हणून इंग्रजीची अट नाही. ठरावीक २० प्रश्नांतले १० विचारतात, ६ बरोबर आले की झालं, आणि तेही मराठीतून; दुभाषी आपण न्यायचा. आईचे वीसच्या वीस तोंडपाठ आहेत. घोडं अडलंय ते बोटांवर.

आईनं इथे अठरा वर्षं टिफिन चालवला. रोज पन्नास-साठ पोळ्या, किलोकिलोनं लसूण सोलणं, तारेच्या घासणीनं पातेली. फुलका ती अजून नुसत्या हातानं आचेवरून उचलते. बायोमेट्रिकच्या केंद्रावर मदतीला म्हणून मला आत सोडलं होतं, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. आधी चार बोटं एकत्र काचेवर, मग एकेक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून. करंगळीच्या रेषा पडद्यावर छान उमटल्या. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिथे मात्र नुसता राखाडी डाग. ती मुलगी फार चांगली होती. तिनं काच पुसली, ओल्या टिश्यूनं आईची बोटं दमट केली, प्रत्येक बोट चार-चार वेळा घेतलं. आई आपली सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मला ते ऐकवत नव्हतं.

सहा आठवड्यांनी परत बोलावलं, परत तेच. आता मुलाखतीचं पत्र आलंय आणि त्यात लिहिलंय की दोन्ही वेळचे ठसे एफबीआयकडून वाचता न आल्यामुळे परत आले, तेव्हा गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांचं पत्र घेऊन या.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट नेलं तर ठशांतून सूट मिळते का? तिसऱ्यांदा ठसे द्यायची विनंती करावी का? आणि मुख्य म्हणजे, आई तीन वर्षांपूर्वीपर्यंत दुसऱ्या गावात राहायची. तिथल्या पोलीस ठाण्याच्या खिडकीवर सांगितलं की पत्र हवं असेल तर आधी बोटांचे ठसे द्या. त्यांना हे कसं समजावू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

रानजाई :
ताई, आधी घाबरू नका. तुमच्या पत्राचा अर्थ असा की ठशांचं प्रकरण त्यांच्या बाजूनं मिटलंय. दोनदा वाचता आले नाहीत की ते पोलिसांच्या पत्रांवर जातात, हा नेहमीचा रस्ता आहे. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. ते आयुष्यभर प्रेसमध्ये होते, शाई आणि रॉकेलनं बोटं गुळगुळीत झालेली.

सूट ही वेगळी गोष्ट. हात नसणं, जन्मजात व्यंग, गंभीर त्वचारोग अशा कारणांनी ठसे देताच येत नसतील तर ती मिळते, आणि ठरवतात ते केंद्रावरच. ठसे नुसते वाचता येत नाहीत, किंवा त्रास तात्पुरता आहे, एवढ्यावर मिळत नाही. आणि मिळाली असती तरी पोलिसांचं पत्र आणि शपथेवरचा जबाब हे दोन्ही लागलेच असते. म्हणून डॉक्टरांच्या मागे धावण्यात हे पाच आठवडे घालवू नका. सगळा जोर पत्रांवर लावा.

दक्षिणायन :
पोलीस ठाण्याबद्दल. मुलाखतीचं पत्र (नुसतं फोनवर दाखवू नका, छापील प्रत न्या) खिडकीवर द्या आणि स्पष्ट सांगा की ठसे उमटत नाहीत म्हणूनच हे पत्र मागितलंय, तुमच्याकडच्या नोंदी नाव आणि जन्मतारखेवरून तपासून तेवढंच लिहून द्या. खिडकीवरच्या माणसाला रोज नोकरीसाठी तपासणी हवी असलेले लोक भेटतात, त्यामुळे तो सवयीनं ठसे मागतो. ऐकलं नाही तर रेकॉर्ड विभागाच्या प्रमुखांची वेळ मागा. आम्हाला दुसऱ्या खेपेला मिळालं.

नावाकडे मात्र फार बारकाईनं बघा. आपल्याकडे पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे येतं, ग्रीन कार्डवर ते कधी असतं कधी नसतं, आणि माहेरचं नाव एन-४०० मध्ये "आधीची नावं" म्हणून दिलेलं असतं. पोलिसांना ही सगळी नावं लिहून द्या आणि सगळ्यांवरून तपासायला सांगा. जन्मतारीख, त्या गावातला पत्ता, तिथे राहिल्याचा काळ आणि पत्राची तारीख एवढं त्यात आहे ना, ते खिडकी सोडण्याआधी वाचा. आमच्या पत्रात आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, म्हणून परत ऐंशी मैल गेलो.

नंदादीप :
मी त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम करते. डाव्या हाताची तीन बोटं वाचून लगेच लसूण आठवला. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनी-मधल्या बोटात पाकळी, म्हणून त्याच तीन बोटांची त्वचा जाड होते, भेगा पडतात, सालं निघतात. स्वयंपाकाचं काम करणाऱ्यांमध्ये हा त्रास चांगला ओळखीचा आहे. साधे लेटेक्सचे हातमोजे घालून फारसा फरक पडत नाही, लसणातला तो घटक आरपार जातो. काही आठवडे लसूण दुसऱ्या कुणी सोलायचा, भांडी घासायची नाहीत, रात्री पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घालायचे. आताच्या कामाला नाही, पण पुढे केव्हातरी ठसे लागतीलच. त्या दिवशी सकाळी मात्र काही लावू नका, तेलकट बोट काचेवर घसरतं. सॅनिटायझरही नको, त्यानं आणखी कोरडं पडतं. हात खाली सोडून जरा वेळ कोमट ठेवले की बरं उमटतं. आणि आईंना सांगा, यात "सॉरी" म्हणण्यासारखं काही नाही.

माळावरचा :
साताऱ्याला माझ्या आजीचं रेशन दुकानात हेच. आधार मशीनवर अंगठा उमटायचा नाही आणि ती धान्य न घेता परत यायची. शेवटी मोबाईल नंबर जोडून ओटीपीवर सुरू झालं. आयुष्यभर राबलेल्या हातांचीच ही अडचण, म्हणून वाचून राहवलं नाही.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनचं पत्र मिळालं. दुसऱ्या गावी उद्या छापील पत्र आणि नावांची यादी घेऊन जाते.

नंदादीप, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ आपली बोटं बघत बसली. मग मी शपथेवरच्या जबाबाचं सांगितलं, पोलिसांशी कधी संबंध आला का ते त्यात विचारतील, असं. तर म्हणते, "मग १९७३ चं सांगायला हवं."

मला हे आजवर माहीतच नव्हतं! दादरला कॉलेजात असताना ती मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्चाला गेली होती, हातात आजीचं लाटणं घेऊन. बायकांना गाडीत घालून चौकीत नेलं, नावं लिहून घेतली आणि संध्याकाळी सोडून दिलं. खटला नाही, दंड नाही. फॉर्म भरताना मी "अटक झाली होती का" एवढंच विचारलं, ती नाही म्हणाली, मी नाही लिहिलं. आता काय करू?

रानजाई :
सांगायचं. फॉर्ममध्ये "कधीही" असं विचारलंय, आणि अटकेबरोबर नुसतं ताब्यात घेतलं असलं तरी त्यात येतं, जगात कुठेही. मुलाखतीत अधिकारी फॉर्म ओळीनं वाचत जातात, तिथे उत्तर दुरुस्त करता येतं. आईंनी प्रश्न येण्याची वाट न बघता स्वतःहून सांगावं. ५० वर्षांपूर्वी मोर्चातून नेलं आणि संध्याकाळी सोडलं, एवढ्यावरून अर्ज अडायचं कारण नाही. शपथेवर लपवलं तर ते मात्र महागात पडतं. तारीख, गाव, काय घडलं हे एका कागदावर लिहून न्या, आणि त्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवा, यात काटकसर नको. दुभाष्यालाही आधी सांगून ठेवा. "ताब्यात घेतलं" आणि "अटक केली" यांतला फरक त्यानं इंग्रजीत जसाच्या तसा न्यायला हवा.

धागाकर्ती :
वकिलांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. कागद आईनं स्वतः लिहायला घेतलाय, मराठीत, मी खाली इंग्रजी करणार आहे. पहिलं वाक्य तिनं लिहिलं : "तेव्हा गोडेतेल मिळत नव्हतं." तारखेपासून सुरुवात कर म्हटलं तर म्हणाली, मोर्चा का होता ते आधी यायला हवं. तसंच ठेवलंय. वकील काय म्हणतात ते शुक्रवारी रात्री लिहिते.