मदत हवी आहे: 'मारणे'ला इंग्रजीत किती शब्द, आणि मुलांना ते कसे सांगू?

नमस्कार मंडळी. मी मालवणात संध्याकाळी दहावीच्या मुलांचं इंग्रजी घेते. परवा एका मुलीने वहीत लिहिलं, 'माय फादर किल्स फिश'. तिचे बाबा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) असतात, घरात रोज 'मासे मारूक गेले' हेच कानावर. मी 'कॅचेस' करून दिलं, तर म्हणाली, "बाई, मारणे म्हणजे किल ना?" तिचं काय चुकलं? आपण हाक मारतो, मिठी मारतो, बुडी मारतो, शिक्का मारतो. जीव कोणाचाच जात नाही.

मग मीच शोधत बसले. 'स्ले' म्हणजे ठार करणे, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता प्रहार करणे असाही होता. जर्मन 'श्लागेन' त्याचंच भावंड, आणि 'स्लेजहॅमर'मधला 'स्लेज'ही त्याच घरातला. म्हणजे आपल्या 'मारणे'सारखंच की! रूपं स्ले, स्लू, स्लेन. मुलं मात्र रीलवर 'स्ले' म्हणजे झकास असं ऐकतात. 'स्माइट' म्हणजे जोराचा तडाखा देणे, पण 'स्मिटन' झाला की माणूस प्रेमात पडलेला. 'स्ट्राइक' म्हणजे संपही, आणि कोर्टाने कायदा 'स्ट्राइक डाउन' केला की तो रद्द.

आता अडलंय ते इथे: 'मारणे'चा धागा धरून हे सगळं एकत्र शिकवावं, की प्रत्येक शब्द वेगळ्या वाक्यातून? एकत्र शिकवलं तर पुन्हा 'किल्स फिश' होईल अशी धास्ती वाटते. 'स्लॉटर' आणि 'बुचर'मधला फरक सांगायला साधी, रोजची वाक्यंही हवी आहेत. कोणी वर्गात करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मंगळवारी पुढचा तास आहे.