दगड आधी, वाळू नंतर

माशांची काचेची टाकी सजवताना आधी वाळू पसरून तिच्यावर दगड मांडा असं काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. उलट करा. खालचे मोठे दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, हाताने हलवून डुगडुगत नाहीत ना ते बघा आणि मगच भोवती वाळू ओता. तळाशी राहणारे छोटे गोबी मासे आणि बीळ खणणारी पिस्तूल कोळंबी दगडाखालची वाळू सारखी उपसत असतात. माझ्या टाकीत एका सकाळी वरचा दगड घसरून पुढच्या काचेला टेकलेला दिसला. काच वाचली, नशीब!

मागच्या काचेला दगड भिडवू नका, हा त्यांचा सल्ला मात्र अगदी बरोबर. काच आतून साफ करायची चुंबकी घासणी फिरेल एवढी फट हवीच. शिवाय मागून पाणी खेळलं नाही तर सगळा गाळ तिथेच साचतो.