अलास्का क्रूझ: सिअ‍ॅटलपर्यंत विमान की ट्रेन?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन अलास्का क्रूझला जायचं चाललंय. बोट शनिवारी दुपारी सिअ‍ॅटलहून सुटते. शिकागोच्या ओहेअर विमानतळाहून विमान धरलं तर चार-साडेचार तासांचं सरळ काम. पण सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी नकाशावर शिकागो ते सिअ‍ॅटल लोहमार्ग बघितला आणि तेव्हापासून विमानाचं नाव काढू देत नाहीत. नवरा म्हणतो, दोन दिवस गाडीत बसून करायचं काय? त्यात सासूबाईंचे गुडघे. कुणी गेलंय का या मार्गावरच्या एम्पायर बिल्डर गाडीने?

नेपरव्हिलहून

*

तुझ्या सासऱ्यांना आधी माझा नमस्कार सांग. माणूस दर्दी दिसतोय.

आम्ही दोघं गेलो आहोत या गाडीने. नवऱ्याला सांग, ही गाडी सिअ‍ॅटलला पोचायचं साधन म्हणून धरलीस तर पहिल्या रात्रीच कंटाळा येईल. सुट्टीचे पहिले दोन दिवस म्हणून धर. २,२०० मैलांच्या आसपास अंतर, वेळापत्रकाप्रमाणे साधारण ४६ तास. दुपारी शिकागो युनियन स्टेशनहून निघते, आणि तुमची नेपरव्हिलची मेट्रा लोकल तिथेच येते, म्हणजे पार्किंगची कटकट नाही. संध्याकाळी ला क्रॉसजवळ मिसिसिपी ओलांडायची. सकाळी डोळे उघडतात ते नॉर्थ डकोटात. खरं सांगतो, तिथून पुढे दुपारपर्यंत गवत, आभाळ आणि धान्याची कोठारं, दुसरं काही नाही. सौ.नी तेवढ्यात अख्खा दिवाळी अंक संपवला.

मग माँटानात हॅवर येतं. गाडी तिथे बराच वेळ थांबते. खाली उतरायचंच. स्टेशनाबाहेर जुन्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीचं वाफेचं इंजिन ठेवलंय, २५८४ नंबरचं. सासरेबुवांना तिथून हाताला धरून परत आणावं लागेल. जवळच जेम्स हिलचा पुतळा आहे. 'एम्पायर बिल्डर' म्हणजे हाच गृहस्थ. १८९३ साली त्याने हा मार्ग सिअ‍ॅटलपर्यंत नेला.

खरी मजा त्या संध्याकाळी. ईस्ट ग्लेशियरनंतर गाडी मरायस खिंडीतून पर्वत ओलांडते, उंची ५,२१३ फूट. बोगद्यातून घाट चढतोय असं काही वाटत नाही, रॉकी पर्वत ओलांडला हेही कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. इतका सौम्य चढ असलेली ही वाट जॉन स्टीव्हन्स नावाच्या इंजिनिअरने १८८९ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत शोधली. पुढे हाच पनामा कालव्याचा मुख्य इंजिनिअर झाला. खिंडीनंतर उजव्या हाताला फ्लॅटहेड नदी आणि पलीकडे ग्लेशियर नॅशनल पार्क. मधूनमधून गाडी हिमकड्यांपासून बचावासाठी बांधलेल्या छपरांखाली शिरते, फटाफट उजेड-अंधार होतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून तुमचा महिना उत्तम. सप्टेंबर संपता संपता गेलात तर निम्मं काळोखात जाईल.

आता गुडघे. गाडी दुमजली आहे. रूमेट म्हणजे दोघांची छोटी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्यांचा खालचा बर्थ होतो, वरचा छतातून खाली येतो. वरच्याला खिडकी नाही आणि उठून बसायला जागाही नाही, तिथे सासरे. प्रत्येक स्लीपर डब्यात चार रूमेट खालच्या मजल्यावर असतात. फोन करून त्यातल्याच दोन माग. शॉवर आणि टॉयलेटही खालीच. मात्र एका डब्यातून दुसऱ्यात वरूनच जाता येतं आणि जिना अरुंद आहे. सासूबाईंना नको असेल तर अटेंडंट जेवण खोलीत आणून देतो. स्लीपरवाल्यांचं जेवण तिकिटातच असतं. दशम्या-चटणी जरूर घ्या, पण गरम करून मिळणार नाही.

मिलवॉकीहून

*

काकांचं वर्णन वाचून मलाही जावंसं वाटलं, पण थोडं थंड पाणी टाकतो. दोन रूमेटचे पैसे विमानाच्या चार तिकिटांपेक्षा सहज जास्त होतील, आणि जितकं उशिरा बुक कराल तितके चढे. दुसरं, रूळ ही गाडी चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकचे नाहीत, बीएनएसएफसारख्या मालवाहतूक कंपन्यांचे आहेत. कायद्याने प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असते, पण एकेरी मार्गावर समोर मैलभर लांब मालगाडी उभी असली की कायदा काय करणार? काही तासांचा उशीर नवलाचा नाही. सकाळी पोचून दुपारची बोट पकडू हा विचारसुद्धा करू नका. बुधवारी निघा, शुक्रवारी पोचा, रात्र सिअ‍ॅटलला काढा. मी तर म्हणेन मंगळवारीच निघा.

शॉमबर्गहून

*

एक महत्त्वाचं राहिलं. बोट चुकली तर विमानाने अलास्कातल्या जुनो बंदराला जाऊन तिथे चढू, असं कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेतल्या एका बंदरात चढून दुसऱ्या बंदरात कायमचं उतरायला १८८६ चा कायदा आडवा येतो. त्याच कायद्यामुळे सिअ‍ॅटलच्या बोटी कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबतात. आणि म्हणून सासू-सासऱ्यांचा भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल, अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा पुरत नाही. तुम्ही दोघं एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुम्हालाही. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा नको, कार्ड आणि पासपोर्ट बरोबर हवा. बायोमेट्रिक्स वगैरे धरून आत्ताच अर्ज करा.

बफलो ग्रोव्हहून

*

सर्वांचे मनापासून आभार! व्हिसाचं खरंच लक्षात आलं नव्हतं, अर्ज आजच भरतेय. ठरलं असं: जाताना ट्रेन, येताना विमान. मंगळवारी निघतोय, सिअ‍ॅटलमध्ये दोन रात्री. नवऱ्याने 'गाडीत वायफाय नसेल तर सुट्टी टाकावी लागेल' एवढ्यावर तह केला.

काका, सासऱ्यांचे दोन प्रश्न. खिडकी उजवीकडची मागून मिळते का? आणि गाडी वाटेत तोडतात म्हणे, ती कुठे?

नेपरव्हिलहून

*

खिडकीच्या बाजूवर जीव टाकू नका. मधे काचेच्या मोठ्या खिडक्यांचा लाउंज डबा आहे, हॅवर सुटलं की लगेच तिथे उजवीकडच्या खुर्च्या धरायच्या. नंतर जागा मिळत नाही.

गाडी तोडतात स्पोकेनला, रात्री दीड-दोनच्या सुमाराला. अर्धी पोर्टलंडला, अर्धी सिअ‍ॅटलला. लाउंज डबा पोर्टलंडकडे जातो, डायनिंग कार तुमच्याबरोबर येते, म्हणजे सकाळचा नाश्ता गरम. सासऱ्यांना शंटिंग बघायचं असेल तर अटेंडंटला झोपायच्या आधी सांगून ठेवा, उतरू देतो का विचारा. थंडी असते, स्वेटर वरच्या बर्थवरच ठेवा. बाकीच्यांनी खुशाल झोपावं.

मिलवॉकीहून