फुप्फुसाचा स्कॅन स्वच्छ आला, मग रक्त पातळ करणारी गोळी का सोडायची नाही?

पायवाट:
गेल्या आषाढात माझ्या दोन्ही फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या अडकल्या. पल्मनरी एम्बोलिझम. वय ५४. त्याआधी ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही, लांबचा प्रवासही नाही. चार दिवस डावी पोटरी ठणकत होती, वात आला समजून तेल चोळत राहिलो. गुठळी बहुधा तिथेच होऊन वर फुप्फुसांत गेली. पाचव्या दिवशी घरचा जिना चढताना श्वास पुरेना, तिथेच पायरीवर बसलो.

सहा महिने अपिक्साबान ही रक्त पातळ करणारी गोळी घेतली. परवाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांचा रक्तपुरवठा पूर्ववत दिसला. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा, डोस निम्मा करू. धाकटा भाऊ म्हणतो, "गुठळी विरघळली ना? मग आता कशाला?"

माझं मत सांगतो. स्कॅन सांगतो की जुनी गुठळी गेली. नवी होणार की नाही, हे त्या चित्रात नसतं. शिवाय गुठळी गोळीने विरघळतच नाही, ते काम शरीर स्वतः करतं. गोळी नवी होऊ देत नाही, एवढंच. विनाकारण झालेल्या गुठळीनंतर औषध थांबवलं, तर पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण दहांना ती परत होते, दहा वर्षांत छत्तीसेक जणांना. पुरुषांना जास्त. माझ्या गुठळीचं कारण सापडलेलं नाही, म्हणजे ते अजून माझ्यातच आहे असं धरून मी चालतो.

शेवंती:
पूर्ण असहमत. शंभरात छत्तीस म्हणजे उरलेल्या चौसष्टांनी दहा वर्षं विनाकारण औषध घ्यायचं. आणि ते निरुपद्रवी नाही. माझी आई ७९ वर्षांची. गोळी चालू असताना शौचाला काळं होऊ लागलं, आम्हाला वाटलं लोहाच्या गोळीमुळे असेल. हिमोग्लोबिन ६ वर आलं तेव्हा धावपळ. दोन पिशव्या रक्त चढवलं. गुठळीची भीती सगळे घालतात, रक्तस्रावाचं कुणी बसवून सांगत नाही.

पायवाट:
आईंचं वाचून वाईट वाटलं. एक विचारतो, गुडघेदुखी वगैरेची गोळी चालू होती का?

शेवंती:
होती. मेडिकलमधून आणून द्यायचो, डायक्लोफेनॅक. त्याबरोबर चालत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

घाटमाथा:
डोसबद्दल. २०१३ साली सुमारे २५०० रुग्णांवर झालेली चाचणी आहे. सहा ते बारा महिने उपचार झालेल्यांना पुढे वर्षभर अपिक्साबान दिली. नुसत्या साखरगोळीवर असलेल्यांत ८.८ टक्के लोकांना पुन्हा गुठळी झाली किंवा तिने मृत्यू आला. अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत १.७ टक्के. मोठा रक्तस्राव साखरगोळीवर ०.५ टक्के, अपिक्साबानवर ०.२ टक्के, म्हणजे वाढला नाही.

शेवंती:
त्या चाचणीत पंच्याहत्तरीपुढचे थोडेच होते, आणि वर्षभराचंच चित्र आहे. तुम्ही बोलताय आयुष्यभराबद्दल.

सांजवारा:
मला गुडघा बदलल्यावर गुठळी झाली होती. तीन महिन्यांत औषध बंद, आज पाच वर्षं झाली. ऑपरेशनमुळे झालेली गुठळी सहसा परतत नाही. "गोळी सोडू नका" असं सरसकट लिहू नका, माझ्यासारखी माणसं घाबरून जातात.

पायवाट:
मान्य. मी फक्त कारण न सापडलेल्यांबद्दल बोलतोय, हे वरच लिहायला हवं होतं.

औदुंबर:
रक्तपुरवठा परत येणं तुम्ही सगळे गृहीत धरताय. माझ्या बायकोचा आला नाही. आठ महिने दम लागत होता. पोळ्या लाटताना मध्ये ओट्याला टेकायची. आम्हाला सांगितलं, वजन कमी करा, धीर धरा. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) केला तेव्हा उजव्या बाजूला श्वासाची हवा सगळीकडे पोचत होती, पण खालच्या भागात रक्तच नव्हतं. पाचरीसारखे कोरे तुकडे. जुन्या गुठळ्या धमनीच्या भिंतीला चिकटून घट्ट झाल्या होत्या, फुप्फुसातला दाब वाढला होता आणि हृदयाची उजवी बाजू ताणली गेली होती. हे शंभरात दोन-चार जणांनाच होतं. पण अशांना गोळी आयुष्यभर लागतेच, आणि जमत असेल तर त्या गाठी ऑपरेशनने सोलून काढतात.

युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासा असं स्पष्ट आहे. काही त्रास नसेल तर स्कॅनची गरज नाही. दम लागत असेल, तर मात्र "होईल हळूहळू" यावर विसंबू नका.

शेवंती:
औदुंबर, हे पटलं. आमच्याकडेही तीन महिन्यांनी कुणी दमाबद्दल विचारलं नव्हतं.

पायवाट:
शेवंती, तुमचाही एक मुद्दा घेतो. 'आयुष्यभर' असं मी ठरवणार नाही. दर वर्षी हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून डॉक्टरांसमोर बसायचं आणि त्या वर्षापुरतं ठरवायचं. दुखण्याच्या गोळ्या आजपासून घरातून बाहेर.

शेवंती:
आईची गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे आणि मला ते बरोबर वाटतं. पण रोज रात्री तिचे दोन्ही पाय शेजारी ठेवून पोटऱ्या बघते. एक सुजलेली वाटली, तर सकाळची वाट बघणार नाही.