मदत हवी आहे: गोल्फच्या सरावात काठ्या उचलल्या की नेम उजवीकडे जातो

उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप 22 (म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण 22 जास्त लागतात). रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जमिनीवर दोन काठ्या टाकतो: एक बॉलपासून टार्गेटच्या दिशेने, दुसरी तिला समांतर, पावलांच्या टोकांशी. (काठ्या म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातल्या फायबरच्या, 4 फुटी.) त्या असतात तोवर 7 आयर्नचा (मधल्या अंतराच्या क्लबचा) शॉट सरळ जातो. काठ्या उचलल्या की दहा-बारा शॉटमध्ये नेम पुन्हा उजवीकडे सरकतो, आणि मग मी हातांनी बॉल डावीकडे ओढतो.

मागून मोबाईलवर शूटिंग केलं. पावलं बरीचशी बरोबर, पण खांदे टार्गेटच्या उजवीकडे. मांड्यांवर क्लब आडवा धरून पाहिला, तर कंबर ठीक निघाली. बॉलच्या फूट-दोन फूट पुढचा गवताचा डाग धरून आधी क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) लावायचा, मग पावलं, हेही केलं. गवतावर जमतं, रेंजच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर डागच नसतो. शिवाय मॅटची कड भलतीकडे रोखलेली, डोळा तिच्याच मागे जातो.

ग्रिप आणि बॉलची जागा तपासून झाली आहे. कोच सध्या नाही, आठवड्यातून एकदाच रेंज मिळते. राउंडमध्ये काठी किंवा क्लब खाली ठेवून स्टान्स घेतला (शॉटसाठी पावलं लावून उभं राहिलं) तर 2 शॉटची पेनल्टी, नंतर उचलला तरी, हे माहीत आहे. म्हणून नियमात बसणारंच सांगा.

काठ्यांची सवय टप्प्याटप्प्याने कशी सोडवलीत? एक शॉट काठीसह, एक काठीशिवाय, असं कुणी केलंय का? आणि खांदे सरळ आहेत हे स्टान्समध्ये उभं असताना, खाली काहीही न ठेवता, कसं ओळखता?