आईसाठी असिस्टेड लिव्हिंग की थेट मेमरी केअर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचं वय ७९. अल्झायमरचं निदान झालेलं आहे. बी-१२, थायरॉईड, एमआरआय सगळं करून झालं; उपचारांनी भरून येईल असं दुसरं कारण सापडलं नाही.

दिवसा ती बरीच ठीक असते. आंघोळ स्वतः करते, फक्त कपडे घालायच्या क्रमाने काढून ठेवावे लागतात, नाहीतर एकावर एक दोन स्वेटर चढवते. दिवेलागणीला मात्र चित्र पालटतं. कपाटातले दोन टॉवेल काढून पिशवीत भरते, दाराशी जाऊन कडी चाचपत राहते आणि म्हणते, "चला, निघते मी घरी. उशीर झाला." लग्न होऊन आली तेव्हापासून ती याच घरात आहे. मध्यंतरी एकदा पहाटे खरंच बाहेर पडली. सुखरूप सापडली, पण तेव्हापासून कुणाचाच जीव थाऱ्यावर नाही. बाबा ८३ वर्षांचे, तेही रात्र रात्र जागे असतात.

आता दोन जागा समोर आहेत. एक असिस्टेड लिव्हिंग: स्वतंत्र खोली, औषधं वेळेवर, लागेल तशी मदत. दुसरी मेमरी केअर, म्हणजे खास स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असलेल्यांसाठीची: दारं बंद, अंगणही बंदिस्त. भाऊ म्हणतो, "हिंडती-फिरती आहे, आत्ताच कुलपात कशाला ठेवायची? आधी असिस्टेड लिव्हिंग बघू." मला वाटतं, वर्ष-सहा महिन्यांत पुन्हा जागा बदलावी लागली तर ते तिला जास्त जड जाईल. नवी जागा लक्षात राहणंच तिला कठीण आहे. माझं चुकतंय का? आणि जागा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? माहितीपत्रकात सगळेच हसरे असतात.

प्रतिसाद १

मी मेमरी केअरमध्ये परिचारिका म्हणून काम केलं आहे. आंघोळ जमते की नाही यावरून ठरवू नका, संध्याकाळ आणि रात्र कशी जाते त्यावरून ठरवा. असिस्टेड लिव्हिंगची सगळी व्यवस्था एका गृहीतकावर उभी असते: मदत लागली की माणूस घंटी वाजवेल. तुमच्या आईंना घंटी आहे हे आठवेल का? ती कशासाठी आहे हे कळेल का? उत्तर 'नाही' असेल, तर ती जागा कितीही चांगली असली तरी त्यांच्यासाठी नाही.

जागा बघायला सकाळी जाऊ नका, संध्याकाळी जा. कुणी ना कुणी "घरी जायचंय" म्हणत दाराशी उभं असेलच. तिथली बाई काय करते ते बघा. "अहो, हेच तुमचं घर" म्हणून वाद घालते, की "चला, मी येते सोबत" म्हणत दोन फेऱ्या मारून त्यांना शांत करते? मी तर यावरच जागा पारखेन.

रात्री किती जणांमागे किती माणसं असतात ते विचारा. काय झालं तर तुम्ही रुग्णाला ठेवून घेत नाही, हेही विचारा आणि करारात लेखी घ्या. अंगावर धावून जाणं, उचलायला दोन माणसं लागणं अशा कारणांवरून अचानक "घेऊन जा" असा फोन येऊ शकतो.

औषधांबद्दल सावध राहा. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (भास, आक्रमकपणा आवरण्यासाठी देतात ती) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, पण घरच्यांना न विचारता सुरू होऊ नयेत, आणि बंद कधी करायची हे कोण बघतं तेही कळायला हवं. एक-दोन दिवसांत तब्येत अचानक बिघडली तर "आजार वाढला" हे उत्तर मान्य करू नका. संसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन औषध, आधी हे तपासायला लावा.

प्रतिसाद २

कुलपाबद्दल. नेदरलँड्समधलं होगेवेक हे डिमेन्शिया असलेल्यांसाठीचं गावासारखं केंद्र २००९ पासून चालू आहे. बाहेरची हद्द बंद, पण आत रस्ते, बागा, दुकान, नाट्यगृह, आणि लोक मोकळे हिंडतात. तेव्हा दार बंद आहे का यापेक्षा दाराच्या आत चालायला किती जागा आहे, हे भावाला दाखवा.

आणि कागदपत्रं आत्ताच करा. माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत निरुपयोगी ठरतं. आईंना अजून कळतंय तोवर वकिलाला भेटा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घंटीचा मुद्दा भावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "संध्याकाळी बघायला जाऊ." वकिलांची वेळही घेते.

आणखी एक विचारायचं आहे. काही ठिकाणी थोड्या आठवड्यांसाठी राहता येतं. तसं करून बघावं का, की मध्येच घरी आणलं तर ती जास्त गोंधळेल? आणि नेण्याच्या दिवशी तिला काय सांगायचं? तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही, पण खरं सांगितलं तर ती रोज नव्याने तेच ऐकेल आणि रोज नव्याने रडेल. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज लिहा.